लाइन बंदच होती

संघदीप अंभोरेला ऑपरेटरच्या खुर्चीत बसून नऊ वर्षं झाली होती, आणि या नऊ वर्षांत त्याच्या हातून कधी चुकीची लाइन चालू झाली नव्हती. लाइनमन म्हणायचे, परमिट संघदीपभाऊनं देल्लं असलं की खांबावर झोप काढता येते.

त्याचं वीज उपकेंद्र वाशिम जिल्ह्यातल्या मालेगावपासून बारा किलोमीटरवर, शेतांच्या मधोमध होतं. एक खोली, भिंतीला लागून लोखंडी पॅनेल, पॅनेलवर सहा हँडल. एकेका हँडलवर दहाबारा गावांची नाहीतर शिवारांची लाइन. कुठे खांबावर काम निघालं की लाइनमनचा फोन यायचा. ऑपरेटरने ती लाइन बंद करायची, हँडलवर ‘काम चालू आहे’ अशी पाटी टांगायची, रजिस्टरात वेळ लिहायची आणि फोनवर परमिटचा नंबर सांगायचा. नंबर मिळाला की लाइनमन वर चढणार. त्याने खाली उतरून ‘परमिट परत’ असं सांगितल्याशिवाय हँडलला हात लावायचा नाही. खोलीतल्या माणसाला खांब दिसत नाही, खांबावरच्याला खोली दिसत नाही. दोघांच्या मधे फोनवरचा आवाज तेवढा असतो.

संघदीप मूळचा रिठदचा. वडील जानराव यांनी जन्मभर दुसऱ्याच्या वावरात काम केलं आणि पोराला आयटीआयपर्यंत शिकवलं. घरातली ही पहिली पगारी नोकरी. मालेगावला दोन खोल्यांच्या घरात तो, बायको नीलिमा आणि आठ वर्षांची साक्षी असे राहत. नीलिमा एका बालवाडीत शिकवत होती.

एका वर्षी डिसेंबरच्या सुरुवातीला हरभऱ्याला पाणी द्यायचे दिवस होते. दुपारी नवीन राठोडचा फोन आला. नवीन जऊळक्याजवळच्या तांड्यावरचा, वयाने संघदीपच्याच बरोबरीचा, अकरा वर्षं लाइनमनचं काम करणारा. एका डीपीवरचा, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवरचा, जोड तुटला होता. संघदीपने लाइन बंद केली, पाटी टांगली, नंबर दिला. नवीनने नंबर परत म्हणून दाखवला, म्हणाला, अर्ध्या तासाचं काम आहे.

वीस मिनिटांनी फोन वाजला तो नवीनच्या नंबरवरून, पण आवाज दुसऱ्याच कोणाचा होता. नवीनला शॉक लागला होता आणि तो वरून खाली फेकला गेला होता.

नवीन वाचला. अकोल्याच्या दवाखान्यात तो दीड महिना होता. मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडलं, खुब्यात सळई टाकावी लागली, उजवा तळवा भाजला. इकडे चौकशी झाली. तीन साहेब आले, मशीनमधली नोंद काढून पाहिली. लाइन बंद केल्याची वेळ आणि रजिस्टरातली वेळ मिनिटाला मिनिट जुळली. जवळच्या एका डाळ मिलने लाइट गेल्यावर थोड्या वेळाने जनरेटर लावला होता. तो जनरेटर लाइनीपासून तोडलेला नव्हता, त्यामुळे त्याचा करंट उलटा लाइनीत शिरला होता. मिलवाल्यावर केस झाली. ऑपरेटरचा काही दोष नाही, असं अहवालात आलं. साहेबांनी ते वाक्य संघदीपला वाचून दाखवलं आणि त्याची सही घेतली.

बाबूलाल नावाचा दुसरा ऑपरेटर होता. पन्नाशीचा, कमी बोलणारा. त्याची पाळी संघदीपच्या नंतर असायची. त्याने संघदीपच्या पाठीवर हात ठेवून म्हटलं, “सुटला तू.”

संघदीपलाही दोनतीन आठवडे तसंच वाटलं.

मग एक दिवस घरी जाताना, अर्ध्या रस्त्यात, त्याच्या मनात आलं की आपण दुपारी बंद केलेली लाइन नेमकी कोणती होती? तिसरी की चौथी? ते काम तर केव्हाच संपलं होतं, परमिट परत आलं होतं, पाळी बदलली होती. तरी त्याने गाडी वळवली आणि सहा किलोमीटर मागे गेला. बाबूलालला म्हणाला, डबा विसरलो. रजिस्टर पाहिलं. सगळं बरोबर होतं. डबा गाडीलाच अडकवलेला होता.

त्यानंतर हे वाढत गेलं. परमिट देताना तो हँडल बंद करायचा, पाटी लावायचा, दोन पावलं मागे यायचा आणि पुन्हा जाऊन पाहायचा. मग तिसऱ्यांदा. पाहताना हँडल खाली आहे हे डोळ्यांना दिसायचं, पण पाठ वळली की ते दिसलेलं विरून जायचं. नवीनच्या अपघाताचा दिवस आठवला की आणखीच घोटाळा व्हायचा. आपला हात हँडलवर आहे हे आठवायचं, पण हात खाली जातोय की वर, ते कळायचं नाही. अहवालातलं वाक्य त्याला तोंडपाठ होतं. ते म्हणून पाहिलं की घटकाभर बरं वाटायचं, पुन्हा मन म्हणायचं, मशीन चुकू शकते, साहेब चुकू शकतात.

घरी तो गॅसचं बटण पाहायचा, दाराची कडी पाहायचा. साक्षी सायकल घेऊन निघाली की ब्रेक दाबून पाहायचा, ती कोपऱ्यापर्यंत गेली की हाक मारून परत बोलवायचा आणि पुन्हा दाबून पाहायचा. साक्षीने सायकल चालवणं सोडून दिलं. नीलिमाने दोनतीनदा विचारलं. त्याने सांगितलं, पाळ्या बदलून राह्यल्या म्हणून झोप होत नाही. नोकरीवर कोणाला सांगायचा तर प्रश्नच नव्हता. डोक्याचा आजार आहे असं एकदा नाव पडलं की पॅनेलवर कोण बसू देईल? आणि रिठदला जानरावांच्या कानावर काय जाईल?

जानेवारीच्या शेवटी साक्षीच्या शाळेत स्नेहसंमेलन होतं. ती एका नाचात होती. नीलिमाने संघदीपच्या फोनमध्ये नाच घ्यायला सुरुवात केली तर फोन म्हणाला, जागा नाही. काय पुसता येईल ते पाहायला तिने फोटो उघडले. पहिला फोटो लोखंडी पॅनेलचा होता. हँडल खाली, वर पाटी. दुसराही तोच. तिने बोट सरकवलं. तिसरा, दहावा, पन्नासावा, सगळे तेच. तारीख आणि वेळ वेगळी, काहींत तर वेळही एकच, एका मिनिटात सहा फोटो. मधेच कुठे साक्षीचा एखादा फोटो, मग पुन्हा हँडल. आकडा अकराशेच्या वर होता. स्टेजवरचा नाच संपला तेव्हा नीलिमाच्या हातात फोन तसाच होता.

घरी आल्यावर तिने फोन त्याच्यासमोर ठेवला. त्याने फोन उलटा करून ठेवला. मग म्हणाला की फोटो असला म्हणजे घरी बसूनही पाहता येतं, मागे जावं लागत नाही. तिने विचारलं, मग फोटो पाहून समाधान होतं का? तो म्हणाला, फोटो आजचा आहे की कालचा, तेच समजत नाही.

“आपन डाक्टरले दाखवू,” नीलिमा म्हणाली.

“आताच नाई. कोनाले काई सांगू नको.”

ती तेवढ्यावर थांबली, आणि याचं तिला पुढे बरेच दिवस वाईट वाटत राहिलं.

फेब्रुवारीतल्या एका दुपारी शेतीच्या लाइनीवर काम निघालं. लाइनमनने परमिट घेतलं, काम केलं आणि तासाभराने फोन करून परमिट परत केलं. आता लाइन चालू करायची होती. संघदीप हँडलपाशी गेला आणि तिथेच थांबला. त्याने लाइनमनला फोन लावला, विचारलं, खाली उतरला ना? तो म्हणाला, उतरलो. बरोबरचा माणूस उतरला? उतरला. संघदीपने फोन ठेवला आणि पुन्हा लावला. पाचव्यांदा लाइनमन चिडला, आठव्यांदा त्याने फोन उचलला नाही. फोन उचलला नाही म्हणजे तो वरच असेल, असं संघदीपला वाटलं, आणि मग त्याचा हात हँडलपर्यंत जाईना.

पावणेदोन तास लाइन बंद राहिली. पंप बंद म्हणून शेतकरी गाड्या घेऊन उपकेंद्राच्या फाटकाशी जमले. कोणी साहेबांना फोन लावला. संघदीपला बाहेरचा गलका ऐकू येत होता, पण तो पॅनेलपुढे जमिनीवर बसला होता आणि पाटी दोन्ही हातांनी छातीशी धरली होती. बाबूलाल पाळीवर आला तेव्हा त्याने हे पाहिलं. त्याने आधी फाटक आतून लावलं. मग स्वतः त्या लाइनमनला फोन केला, खात्री करून घेतली आणि लाइन चालू केली. मशीनचा आवाज झाला तसा संघदीप दचकून कान झाकून बसला.

बाबूलाल त्याच्याशेजारी खाली बसला. “पाटी दे,” तो म्हणाला. “मी लावतो तिले जागेवर.”

संघदीपने पाटी दिली. बाबूलालने नीलिमाला फोन करून बोलावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी कामात हयगय केल्याची नोटीस आली. ती घेऊनच नीलिमा त्याला वाशिमला सरकारी दवाखान्यात घेऊन गेली. तिथे मानसिक आजारांसाठी वेगळी खोली होती. अकोल्याला जाऊ, इथे ओळखीचं कोणी भेटेल, असं तो बसमध्ये म्हणत होता. रांगेत खरंच ओळखीचं भेटलं. त्याच्या शाळेतले एक निवृत्त गुरुजी. गुरुजींनी त्याला पाहिलं, बाकावर सरकून जागा करून दिली आणि पावसापाण्याच्या गोष्टी केल्या. कोणी कोणाला, काय झालं, असं विचारलं नाही.

डॉक्टर बाई तरुण होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. फोटोंचा आकडा ऐकून त्या हसल्या नाहीत की दचकल्या नाहीत. त्या म्हणाल्या की हा आजार आहे, याला औषध आहे, वेळ लागेल, आणि हे ज्यांना होतं ती माणसं निष्काळजी नसतात. तपासून पाहिल्याने शंका जात नाही, उलट तिला खायला मिळतं. म्हणून गोळ्यांबरोबर एक काम करायचं. घरात गॅसचं बटण एकदाच पाहायचं, आणि मन कितीही ओढ घेवो, दुसऱ्यांदा जायचं नाही. निघताना त्यांनी विचारलं, ज्यांना लागलं त्यांना भेटलात का? संघदीपने नकारार्थी मान हलवली. अकोल्याच्या दवाखान्यात तो दोनदा गेला होता आणि दोन्ही वेळा जिन्यावरून परत आला होता.

डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन तो साहेबांकडे गेला. साहेबांनी ती दोनदा वाचली. नोटीस द्यायच्या आधी विचारायला पाहिजे होतं, असं ते म्हणाले, आणि त्याला काही महिने मालेगावच्या ऑफिसात बिलांच्या तक्रारी घ्यायला बसवलं.

मार्चमध्ये, एका रविवारी सकाळी, तो आणि नीलिमा तांड्यावर गेले. नवीनची आई रुपाबाई दारातच बाजरी निवडत बसली होती. तिने ओळखलं नाही. नाव सांगितल्यावर सूप बाजूला ठेवून उठली आणि आत हाक मारली. नवीन टिनाच्या सावलीत खाटेवर होता, बाजूला चालायचं स्टँड. तो वाळला होता. त्याने संघदीपला खाटेवरच बसायला सांगितलं. नवीनची बायको रंजीता चहा घेऊन आली, नीलिमाला आत घेऊन गेली.

दोघं बराच वेळ पायाचं, मालिशचं बोलत राहिले. मग संघदीपने, मान खाली घालून, सगळं सांगितलं. तिसरी की चौथी लाइन, अर्ध्या रस्त्यातून मागे जाणं, फोटो, ती दुपार, वाशिमचा दवाखाना. नवीनने फोन मागितला आणि फोटो पाहिले. पाहता पाहता त्याने विचारलं, “त्या दिवसाचा नाई ना यात?”

“नाई. तवा कायले काढू?”

नवीनने फोन खाटेवर ठेवला. “संघदीपभाऊ, म्या वर चढून जोड सोडला. पाना लावला, दोन नट काढले, तार हातात धरली. दहा मिनिटं म्या त्या तारेले हात लावून होतो. लाइन चालू असती तं पयल्याच घडीले गेलो असतो. लाइन बंदच होती. करंट मागून आला, मिलकडून. ते मले वरूनच समजलं, जनरेटरचा आवाज सुरू झाला न झाला का झटका बसला.”

संघदीपने मान वर केली. हे सगळं अहवालात होतं. पण तारेला हात लावलेल्या माणसाच्या तोंडून त्याने ते आजवर ऐकलं नव्हतं.

नवीन थांबला नाही. आवाज खाली आणून म्हणाला, “अजून एक हाय. काम कराच्या आधी तारेले अर्थिंगचा रॉड लावा लागते, तुले माईत हाय. तो लावला असता तं उलटा करंट जमिनीत गेला असता. म्या चौकशीत सांगितलं का लावला होता. तो गाडीलेच बांधेल होता, भाऊ. खाली दोन जन उभे होते, किती टाइम, किती टाइम करून राह्यले होते, अन् अजून चार तक्रारी बाकी होत्या. म्या म्हटलं, थोडंसंच काम हाय.”

रंजीता दारात उभी होती. तिने ऐकलं होतं. हे तिलाही त्याने सांगितलेलं नव्हतं, हे तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं. ती खाली उंबऱ्यावर बसली.

“मायं हाड मोडलं ते एक्सरेत दिसलं,” नवीन म्हणाला. “लोकं भेटाले आले, केळं घेऊन आले. तुले कोन भेटाले आलं?”

संघदीपने कप तोंडाशी नेला. त्याच्या हातातला चहा केव्हाच निवला होता. रुपाबाईने तो कप घेतला, आत जाऊन चहा पुन्हा गरम केला आणि आणून त्याच्या हातात दिला. तो पिऊन होईपर्यंत ती समोर बसून राहिली.

त्या दिवशी गाडीवर परत येताना संघदीप कुठेच वळला नाही. आता बरं होणार, असं नीलिमाला वाटलं. पण चार दिवसांनी त्याने नवीनला फोन केला आणि विचारलं, दहा मिनिटं म्हणला होता ना तू? नवीनने पुन्हा सांगितलं. आणखी दोन दिवसांनी पुन्हा फोन. डॉक्टर बाईंना हे कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, हेसुद्धा तपासणंच आहे, ते बंद करा. तिसऱ्यांदा फोन आला तेव्हा नवीन शांतपणे म्हणाला की दुसरं काही बोलायचं असलं तर तासभर बोल, ते मात्र मी आता सांगणार नाही. ती संध्याकाळ संघदीपला फार जड गेली. नीलिमा त्याला घेऊन मालेगावच्या बाजारातून नुसती फिरत राहिली, जवळपास दोन तास, काही न घेता.

गोळ्यांनी तोंड कोरडं पडायचं, सुस्ती यायची. एप्रिलमध्ये तो गॅसचं बटण एकदाच पाहून बाहेर पडू लागला. बाहेर आल्यावर घाम यायचा, पण तो मागे जात नसे. मेमध्ये त्याने फोटो पुसले, एका दिवसात नाही, रोज पन्नास-पन्नास करून. साक्षीने सायकल पुसून बाहेर काढली. ती कोपऱ्यावरून वळून दिसेनाशी होईपर्यंत तो दारात उभा राहिला आणि हाक मारली नाही.

पावसाळ्याआधी लाइनमन लोकांची बैठक असते. नवीनला आता तक्रारींच्या टेबलावर काम दिलं होतं. तो काठी टेकत उठला आणि चाळीसेक माणसांपुढे म्हणाला की रॉड लावलाच नव्हता, घाईत गाडीवरच राहिला, आणि चौकशीत आपण खोटं सांगितलं. साहेब कागदावर काहीतरी लिहीत होते, त्यांचा पेन थांबला. पुढे नवीनवर ठपका येणार की काय, हे कोणालाच माहीत नव्हतं. दोन महिन्यांनी एक लेखी ताकीद आली, तेवढ्यावर भागलं. त्या बैठकीत मात्र माणसं एकमेकांकडे पाहू लागली. मग मागच्या रांगेतला एक जण म्हणाला की मीही कितीदा लावत नाही. मग दुसरा म्हणाला. साहेबांनी त्या दिवशीचे बाकीचे विषय सोडून दिले आणि एका माणसाकडे दिवसाला किती तक्रारी जातात ते प्रत्येकाला विचारून लिहून घेतलं.

ऑगस्टमध्ये संघदीप पॅनेलवर परत आला. पहिल्या दिवशी बाबूलाल रात्रपाळी संपूनही घरी गेला नाही, बाहेर बाजेवर पेपर वाचत बसला. अकराच्या सुमाराला परमिटसाठी फोन आला. संघदीपने हँडल खाली केलं, पाटी टांगली, एकदा पाहिलं, मोठ्याने म्हटलं, “चौथी लाइन बंद,” आणि नंबर दिला. मग तो खुर्चीत बसला आणि दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसून राहिला. त्याची नजर पॅनेलकडे पाचसहा वेळा गेली, पण तो उठला नाही. चाळीस मिनिटांनी परमिट परत आलं. त्याने लाइन चालू केली आणि बाहेर जाऊन नळाखाली तोंड धुतलं.

बाबूलालने पेपर घडी करून ठेवला, गाडीची किल्ली काढली. पण गाडीकडे न जाता तो नळापाशीच घुटमळला.

“वाशिमच्या त्या डाक्टरीनबाई,” तो म्हणाला, “कोन्त्या वारी असतात?”

“मंगयवारी अन् शुक्रवारी. काहून?”

बाबूलाल किल्ली बोटात फिरवत राहिला. नोकरीच्या सत्तावीस वर्षांत त्याच्या परमिटवर एक माणूस मेला होता, असं तो म्हणाला. संघदीप नोकरीला लागण्याच्या खूप आधीची गोष्ट. घरी कोणाला माहीत नाही.

संघदीपने रुमालाने तोंड पुसलं. शुक्रवारी आपली सुट्टी आहे, सकाळच्या बसने सोबत जाऊ, असं तो म्हणाला. बाबूलालने मान डोलावली आणि गाडी सुरू केली.